‘मॅडम, मला पण आईंसारखंच होतंय का?’

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढच्या कितीतरी बायका हाच एक प्रश्न घेऊन येतात, फक्त शब्द वेगळे असतात. कोणी म्हणतं हल्ली डोकंच चालत नाही, कोणी म्हणतं फ्रीज उघडून उभी राहते आणि कशाला उघडला तेच आठवत नाही, एकजण तर म्हणाली मुलाला हाक मारताना आधी भावाचं नाव येतं मग कुत्र्याचं आणि मग त्याचं. यात हसण्यासारखं बरंच असतं पण मागे भीती एकच, अल्झायमर तर सुरू होत नाहीये ना. पुरुषांना पण होतं हे सगळं, पण ते स्वतःहून येत नाहीत, बायको ओढून आणते तेव्हा येतात.

त्यातलीच एक केस सांगते. नाव बदललंय, घरचे नोकरीचे काही तपशील पण बदललेत, आणि लिहायला तिची परवानगी घेतलीये. वर्षाताई म्हणू आपण.

वर्षाताई ४७ वर्षांच्या, राहायला डोंबिवलीत, एका पतपेढीत २२ वर्षं काउंटरवर. पहिल्या दिवशी आल्या त्या पर्समधून एक घडी घातलेली भरणा पावती काढून माझ्यासमोर ठेवली, पावतीच्या मागे बारीक अक्षरात यादी. काय काय विसरले त्याची, तारखेनिशी. दूध उतू गेलं तीनदा. पाहुण्यांच्या भाजीत मीठ दोनदा. एका खातेदाराचं नाव, जो दर शनिवारी येतो, समोर उभा असताना आठवलं नाही. नणंदेला वाढदिवसाचा फोन राहिला. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं, एटीएम.

एटीएमचं त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी घरी सासूबाईंची अंघोळ हा रोजचाच झगडा, त्या दिवशी जरा जास्तच झाला, सासूबाईंनी पाण्याचा तांब्या फेकून मारला, तो लागला नाही पण साडी भिजली, परत बदलली, आठ वीसला घरातून पळत सुटल्या. स्टेशनजवळच्या एटीएमला पैसे काढायचे होते, सासूबाईंना सांभाळायला येणाऱ्या ब्युरोच्या बाईंचा पगार द्यायचा होता. मागे सातआठ माणसं. कार्ड घातलं, आणि पिन गायब. ११ वर्षं तोच पिन. दोनदा चुकीचा टाकला, तिसऱ्यांदा टाकायची हिंमत झाली नाही, मागून कोणीतरी म्हणालं ओ मॅडम होतंय का, त्या कार्ड काढून बाहेर आल्या आणि बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. लोकल गेली. दुपारी एक वाजता डबा खाता खाता पिन आपोआप आठवला. म्हणजे आठवायचा प्रयत्न पण करत नव्हत्या, आमटीत भात कालवत होत्या.

मला विचाराल तर या गोष्टीत घाबरवणारं कमी आणि धीर देणारं जास्त आहे, पण त्यांना तो दिलासा वाटतच नव्हता. कारण घरात सासूबाई आहेत, ७८ वर्षांच्या, तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालेलं. “आईंचं पण असंच सुरू झालं होतं, मॅडम. आधी पैसे मोजता येईनात. मला पण आईंसारखंच होतंय का?”

मी त्यांना लगेच नाही म्हटलं नाही. खोटा धीर द्यायची आपल्याकडे फार घाई असते. मी म्हटलं ते आपण डॉक्टरांकडून तपासून घेऊ, पण आधी मला सांगा झोपता किती.

“झोपते ना. अकराला पडते, पाचला उठते.”

मधे?

मधे म्हणजे कडी. घर वन बीएचके, सासूबाई हॉलमध्ये, आणि मुख्य दाराला आतून जुन्या पद्धतीची लोखंडी कडी. रात्री एक-दोनच्या सुमाराला सासूबाई उठतात आणि कडी काढायला जातात, घरी जायचंय म्हणून. घर म्हणजे देवरुखकडचं माहेर, आई वाट बघत असेल म्हणतात. एकदा खरंच बाहेर पडून जिना उतरल्या होत्या आणि वॉचमनने पाहिलं म्हणून वाचलं. तेव्हापासून वर्षाताईंचे कान त्या कडीला लागलेले. कडी सरकली की या उठून बसतात. कधी कधी कडी सरकलेली नसते, शेजाऱ्यांच्या ग्रिलचा आवाज असतो, तरी उठून बसतात, छातीत धडधड, मग तासभर झोप नाही. दीड वर्षं हे चाललंय. दिवसा बारा तास ब्युरोची बाई असते पण रात्र यांची.

मी पुढचं विचारलं, सगळं नकोसं वाटतं का, जगणं नकोसं वाटतं का. हे मी सगळ्यांना सरळच विचारते, विचारल्याने कोणाच्या डोक्यात विचार येत नाही, उलट माणूस सुटतो. त्या म्हणाल्या मरावंसं नाही वाटत हो, पण वाटतं एकदा काहीतरी व्हावं, अपेंडिक्स वगैरे, आणि हॉस्पिटलमध्ये चार दिवस नुसतं झोपावं. हे वाक्य मी आजवर किती बायकांच्या तोंडून ऐकलंय. हॉस्पिटल ही यांची सुट्टीची जागा.

तर पहिलं काम डॉक्टर. समुपदेशकाने सगळं टेन्शनच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. थायरॉईड, बी १२, हिमोग्लोबिन, साखर या साध्या रक्ताच्या तपासण्यांमध्ये विसरण्याचं कारण सापडतं बऱ्याचदा, आणि शाकाहारी घरांमध्ये बी १२ कमी निघणं तर आपल्याकडे नेहमीचं. पाळी जायच्या आसपासच्या वयात पण डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं, त्यांची पाळी पुढेमागे व्हायला लागलीच होती. बी १२ जरा कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. आणि बोलता बोलता अजून एक निघालं जे त्यांना औषध वाटतच नव्हतं, सर्दीची गोळी. घेतली की झोप लागते म्हणून रोज रात्री अर्धी घ्यायच्या. जुन्या प्रकारच्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांनी गुंगी येते आणि लक्षात राहण्यावर पण परिणाम होतो, डॉक्टरांनी ती बंद केली. न्यूरॉलॉजिस्टनी पण तपासलं, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द पाठ करून घेतले, आणि सांगितलं की डिमेन्शियाची लक्षणं नाहीत, सहा महिन्यांनी परत या.

एवढं होऊनही त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पर्समध्ये अजून एक रिपोर्ट होता, कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणाऱ्या हार्मोनचा. रील्सवर कोणीतरी सांगितलेलं की पोट सुटलंय, चेहरा सुजलाय, विसरताय म्हणजे तुमचं कॉर्टिसॉल वाढलंय, मग यांनी परस्पर लॅबमध्ये जाऊन टेस्ट केली. रक्त दिलं संध्याकाळी पाचला, आणि रिपोर्टमध्ये शेजारी जी रेंज छापलेली ती सकाळची. मला रागच येतो या रीलवाल्यांचा. हे हार्मोन दिवसभर एका पातळीवर बसून राहतच नाही, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात वर जातं, मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी होतं. त्यातला एक आकडा उचलून माझा स्ट्रेस इतका म्हणणं म्हणजे ठाण्याला एकदा गाडीतून डोकावून मुंबईत गर्दी किती ते सांगण्यासारखं. ही टेस्ट आहे ती कुशिंग (कॉर्टिसॉल फार जास्त) किंवा ॲडिसन (फार कमी) सारख्या आजारांचा संशय असेल तर, आणि ती डॉक्टर सांगतात त्या वेळेला, त्या पद्धतीने करतात.

आणि कॉर्टिसॉल काही व्हिलन नाहीये. सकाळी अंथरुणातून उठायला तेच लागतं, आजारपणात तग धरायला तेच लागतं, ते अजिबात नसेल तर माणूस जगत नाही. म्हणून तर ज्यांना बरेच दिवस स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतात त्यांना डॉक्टर बजावतात की एकदम बंद करू नका, कारण बाहेरून मिळतंय म्हणून शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असतं.

मग वर्षाताईंना मी समजावलं ते त्यांच्याच धंद्यातल्या भाषेत. पतपेढीत पूर्वी कीर्द-खतावणी हाताने लिहायचे, त्यांनी स्वतः केलेली. दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीत उतरवायचे, आणि मग निवांतपणे ते एकेका खात्याला खतावणीत न्यायचे. मेंदूत कानाच्या आतल्या अंगाला दोन्ही बाजूला एकेक हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. तो आपला कीर्द लिहिणारा कारकून. आज काय झालं, गॅस बंद केला का, कोण काय म्हणालं, हे तो उतरवून घेतो. आणि खतावणीचं काम मुख्यतः रात्री, झोपेत होतं.

आता समजा काउंटरवर दरोड्याचा अलार्म वाजला. कारकून कीर्द लिहीत बसेल का? बसणार नाही आणि बसूही नये. अलार्म वाजला की दोन गोष्टी होतात. काही सेकंदांत ॲड्रेनलिन सुटतं, धडधड, घाम, हातपाय गार. आणि त्याच्या मागोमाग एक सावकाश साखळी सुरू होते, मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागाकडून निरोप त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला, पिट्युटरीकडून रक्तातून निरोप मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथींना, आणि तिथून कॉर्टिसॉल. याला वेळ लागतो, साधारण वीस-तीस मिनिटांनी ते रक्तात सगळ्यात जास्त असतं. म्हणजे भांडण संपलं, दार आपटून तुम्ही बाहेर पडलात, रिक्षात बसलात, आणि कॉर्टिसॉल तेव्हा कुठे वर चढतंय.

इथे वर्षाताईंनी मला थांबवलं. “म्हणजे तांब्या?”

हो, तांब्या. सव्वाआठच्या आत तांब्या, पावणेनऊला एटीएम.

यावर एक प्रयोग आहे जो मला फार आवडतो. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात डॉमिनिक द केर्व्हँ नावाचा स्विस संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांना पाण्याच्या टाकीत बुडालेला एक चौथरा शोधायला शिकवलं. उंदीर शिकले. दुसऱ्या दिवशी टेस्टच्या आधी त्यांना हलका शॉक दिला. शॉकनंतर लगेच दोन मिनिटांनी सोडलं तर चौथरा सापडत होता. चार तासांनी सोडलं तरी सापडत होता. पण अर्ध्या तासाने सोडलं की उंदीर भांबावल्यासारखे पोहत राहायचे. म्हणजे शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, नाहीतर चार तासांनी कसं सापडलं असतं. नेमक्या त्या वेळेला आठवणींचं कपाट उघडत नव्हतं इतकंच. पुढे २००० मध्ये त्याच गटाने माणसांवर केलं, आदल्या दिवशी शब्दांची यादी पाठ करून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी आठवायच्या तासभर आधी कॉर्टिसोनची (शरीरात त्याचं कॉर्टिसॉलच होतं) एक २५ मिलिग्रॅमची गोळी दिली, तर लोकांना शब्द कमी आठवले.

वर्षाताई बोटं मोजत होत्या. पावणेनऊ ते एक. चार तास आणि वर थोडे. “मग मी उंदीरच की हो,” म्हणाल्या, आणि माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

एटीएमचं झालं हे. पण दूध उतू जाणं, मीठ दोनदा पडणं, ते वेगळं आहे. तिथे कपाट उघडत नव्हतं असं नाही, तिथे कीर्दीत नोंदच झालेली नव्हती. मीठ घालताना त्यांचे कान हॉलमध्ये होते. ज्याची नोंदच नाही ते आठवणार कुठून, आणि मग माणूस त्याला विसरणं म्हणतो. माझ्याकडे येणाऱ्यांच्या तक्रारींमध्ये हा दुसरा प्रकारच जास्त असतो.

कॉर्टिसॉल मेंदूपर्यंत पोहोचतं हे पण खूप उशिरा कळलंय. ब्रूस मॅकएवेन नावाचा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातला शास्त्रज्ञ, त्याने १९६८ मध्ये उंदरांमध्ये दाखवून दिलं की हे ॲड्रेनलमधलं हार्मोन मेंदूत जाऊन सगळ्यात जास्त चिकटतं ते हिप्पोकॅम्पसमध्ये. तोपर्यंत समज असा की मेंदू हुकूम सोडतो आणि ग्रंथी ऐकतात. उलटी वाहतूक पण आहे, आणि ती थेट कीर्द लिहिणाऱ्याच्या टेबलावर येते, हे त्याने दाखवलं. शिवाय हाच हिप्पोकॅम्पस त्या साखळीला ब्रेक लावायचं पण काम करतो, बास झालं आता कॉर्टिसॉल म्हणून. म्हणजे रोज रोज ताण पडून तो दमला की ब्रेक पण ढिला पडतो. चांगल्या घरात एकाच माणसावर सगळं पडतं ना, तसंच.

आता माझी चूक सांगते. मी पहिल्या दोन सेशनमध्ये नेहमीचं सगळं दिलं. श्वासाचा व्यायाम, रात्री ऐकायला रिलॅक्सेशनची ऑडिओ, झोपण्याआधी मोबाईल नको. तिसऱ्या सेशनला आल्या त्या आधी सॉरी म्हणाल्या. “मॅडम, जमलं नाही, दोनच दिवस केलं.” बाई दीड वर्षं सलग झोपलेली नाही, आणि मी तिच्या यादीत अजून एक काम वाढवून ठेवलेलं, आणि ते जमलं नाही म्हणून ती माझी माफी मागतेय. मला खरंच लाज वाटली. श्वासाचे व्यायाम चांगलेच आहेत, मी आजही देते, पण रात्री दोनला जो माणूस उठतो त्याला उठावं लागू नये ही व्यवस्था श्वासाने होत नाही. ती घरातल्या माणसांनी करायची असते.

म्हणून चौथ्या सेशनला मिस्टरांना बोलावलं, आणि धाकटे दीर चिंचवडहून व्हिडिओ कॉलवर. मी कोणालाही उपदेश केला नाही, फक्त गेल्या महिन्याच्या तीस रात्रींचा कागद पुढे ठेवला, वर्षाताईंनी भरलेला, कोणत्या रात्री कितीदा उठल्या त्याचा. चोवीस रात्री. मिस्टर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मला कडी ऐकूच येत नाही हो झोपेत.” अगदी प्रामाणिकपणे. वर्षाताई म्हणाल्या, “मी असते म्हणून ऐकू येत नाही.” दीर तिकडून काहीच बोलेनात, आधी वाटलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं.

यातून जे ठरलं ते फार मोठं काही नव्हतं. आठवड्यात तीन रात्री ब्युरोची बाई, तिचा निम्मा खर्च दीर देणार. दोन रात्री मिस्टर हॉलमध्ये आईजवळ झोपणार आणि वर्षाताई आत, दार लावून. उरलेल्या दोन रात्री वर्षाताई. आणि दर दोन महिन्यांनी आठवडाभर नणंद येणार, आईंना हलवायचं नाही, कारण जागा बदलली की अशा माणसांचा गोंधळ वाढतो, माणसानेच यायचं. दाराला घुंगरांची माळ लावली, म्हणजे जो हॉलमध्ये झोपलाय त्याला आवाज येईल आणि बाकीच्यांनी कान लावून बसायला नको.

अजून एक गोष्ट, जी खरं तर सासूबाईंसाठी होती पण फायदा दोघींना झाला. घरी जायचंय म्हटलं की आधी वर्षाताई समजावत बसायच्या की आई हेच आपलं घर, तुमची आई कधीच गेली. हे ऐकून त्या माउलीला दर वेळी आई नव्याने गेल्यासारखं रडू यायचं, आणि मग झगडा. मी म्हटलं दुरुस्त करू नका. घर कसं आहे ते विचारा. मग संध्याकाळी गॅलरीत बसून विहिरीचं पाणी, मागच्या दारचा फणस, रहाट कुरकुरायचा ते, असं सगळं सासूबाई सांगायला लागल्या, पंधरा मिनिटांनी स्वतःच म्हणायच्या आता अंधार पडला, उद्या जाऊ.

घरगुती युक्त्या पण केल्या. गॅस बंद करताना तोंडाने म्हणायचं, गॅस बंद केला, कारण मोठ्याने बोललं की तेवढ्यापुरतं तरी लक्ष तिथे येतं आणि कीर्दीत नोंद होते. पिन आठवेना तर रांगेतून बाजूला व्हायचं, लांब श्वास सोडायचा, आणि आकडा आठवायच्या ऐवजी बोटांना टाकू द्यायचा. ती विसरण्याची यादी मात्र लिहायची नाही म्हणून सांगितलं. यादी लिहिणारा माणूस दिवसभर चूक कुठे होतेय तेच शोधत असतो, आणि खरं तर ज्याला तीन महिन्यांत काय काय विसरलं ते तारखेसह आठवतंय त्याची मेमरी काय वाईट म्हणायची.

हे सासूबाईंच्या बाबतीत कसं होतं तेही मी त्यांना आठवायला लावलं होतं. सासूबाईंनी आमटीत चहा पावडर घातली होती, आणि ती आमटी आहे तशी खाल्ली, काही बिघडलंय हे त्यांना कळलंच नाही. सोसायटीच्या गेटपासून घर सापडेना. एकच प्रश्न दहा मिनिटांत सहा वेळा, आणि आधी विचारल्याचा पत्ता नाही. डॉक्टरकडे त्यांना घरच्यांनी नेलं, त्या स्वतः म्हणत होत्या मला काय झालंय. यावरून घरबसल्या निदान करू नका, स्वतःला जाणवतंय म्हणजे नक्कीच काही नाही असंही नसतं, महिनोन्महिने वाढतच चाललं असेल तर दाखवाच. पण वर्षाताईंना हा फरक डोळ्यासमोर दिसला आणि त्यांचा खांदा जरा खाली आला.

सहा-सात आठवड्यांत फरक पडला. दूध उतू जायचं थांबलं असं नाही, पण ते कोणाच्या घरी थांबतं. शनिवारच्या खातेदाराचं नाव आलं. संध्याकाळची कॅश पहिल्या मोजणीत जुळायला लागली. आता यात बी १२ किती, गोळी बंद केल्याचं किती, झोपेचं किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही, आणि तसं कोणी दाखवायला लागलं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

पण एक गोष्ट गेली नाही. आतल्या खोलीत दार लावून झोपलेल्या असताना सुद्धा कुठेतरी लोखंड वाजलं की छातीत धस्स. ऑफिसमध्ये कॅशच्या पेटीची कडी वाजली तरी. “डोकं जागेवर आलं मॅडम, पण ही भीती का जात नाही?”

याचं उत्तर आपल्या बंगळुरूच्या एका लॅबमध्ये शोधलं गेलंय याचं मला फार बरं वाटतं. तिथल्या एनसीबीएस मध्ये, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये, सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस रोज दोन तास हालचाल करता येणार नाही असं अडकवून ठेवलं आणि मग मेंदूच्या पेशी बघितल्या. २००२ मध्ये त्यांनी छापलं की हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या होत्या, पण भीतीचं केंद्र म्हणजे अमिग्डाला, तिथल्या पेशींच्या फांद्या उलट वाढल्या होत्या. एकच ताण, एकीकडे छाटणी आणि दुसरीकडे खत. पुढे २००४ मध्ये त्यांनी उंदरांना एकवीस दिवस विश्रांती देऊन पाहिलं. हिप्पोकॅम्पस बराचसा पूर्ववत झाला होता. अमिग्डाला नाही, तिथली वाढ तशीच, आणि उंदीर घाबरट तेही तसेच.

उंदरांवरून माणसाचं जसंच्या तसं काढता येत नाही हे मान्य. पण माझ्याकडे जे दिसतं ते याच्याशी जुळतं, आधी आठवण परत येते आणि भीती मागे रेंगाळते. लोकांना वाटतं आपण बरे झालोच नाही, आणि त्या निराशेत सगळं सोडून देतात. जाता जाता, अमिग्डाला या शब्दाचा अर्थ बदाम, त्या आकाराचा असतो म्हणून. आपल्याकडे लक्षात राहत नाही म्हटलं की रात्री भिजवलेले बदाम पुढे येतात, आणि इथे डोक्यातलाच बदाम फुगून बसलेला.

भीतीला नुसती विश्रांती पुरत नाही, तिला नवीन काहीतरी शिकवावं लागतं. म्हणून आम्ही कडीवरच काम केलं. रविवारी सकाळी वर्षाताई चहा घेऊन हॉलमध्ये बसायच्या आणि मिस्टर दाराशी उभं राहून कडी काढायचे, लावायचे, काढायचे, लावायचे. पहिल्या रविवारी चहा कपातच राहिला. मिस्टरांना वाटलं आपण काहीतरी वेडेपणा करतोय, शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं पण की कडी बिघडली का. चौथ्या रविवारी वर्षाताईंनी कडी वाजत असताना पेपर वाचला. मग तेच डोळे मिटून. मग रात्री दिवे बंद करून. धस्स पूर्ण गेलं नाही, पण पूर्वी तासभर टिकायचं ते आता दोन-चार मिनिटांत उतरतं आणि परत झोप लागते.

आठ महिन्यांनी आम्ही सेशन थांबवली. न्यूरॉलॉजिस्टकडची दुसरी तपासणी पण नीट आली. सासूबाई आहेत तशाच आहेत, थोड्या खालीच गेल्यात, ते थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं.

ज्यांना समुपदेशकाकडे जाणं जमत नाही, पैशाने किंवा वेळेने, त्यांच्यासाठी सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. रात्री दोनला कडी वाजल्यानंतर झोप न येणाऱ्यांनी तेव्हा पण लावायला हरकत नाही.

परवा वर्षाताईंचा मेसेज आला. मध्यंतरी ब्युरोच्या बाई गावाला गेल्यामुळे मिस्टरांच्या रात्री आठवड्याला दोनच्या चार झाल्यात. “मॅडम, यांना पाठवू का? यांनी या महिन्यात लाईटबिल दोनदा भरलं. आणि काल मला विचारत होते, मला पण आईसारखं होतंय का म्हणून.”

सोमवारी साडेसहाची वेळ दिलीये. येताना सर्दीची गोळी घेता का ते विचारून ठेवा म्हटलं, आणि रात्रींचा कागद घेऊन या, या वेळी त्यांनी स्वतः भरलेला.